निजलेल्या यंत्राची जाग

लखनौच्या बड्या इमामबाड्याविषयी एक आख्यायिका सांगतात. १७८४ च्या सुमारास अवधात दुष्काळ पडला, तेव्हा रयतेच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून नबाब असफउद्दौला याने ही प्रचंड वास्तू बांधावयास काढली. दिवसा मजूर भिंती चढवीत आणि रात्री दुसरी माणसे येऊन त्यांतला काही भाग उतरवून ठेवीत. ही रात्रीची माणसे म्हणे खानदानी घराण्यांतली होती. भूक त्यांनाही होती. परंतु दिवसाउजेडी डोक्यावर पाटी घेणे त्यांच्या अब्रूला परवडणारे नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी अंधारातले काम काढलेले होते. या आख्यायिकेत इतिहास किती आणि लखनवी अदब किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चालेल. मौज आहे ती निराळीच. त्या काळी गोमतीकाठाने रात्री जाणाऱ्या एखाद्या परक्या वाटसरूच्या कानी ते घणाचे घाव पडले असते, तर त्याने कोणता तर्क केला असता? चोर आले असावेत, शत्रू वास्तू पाडीत असावा, नाही तर भुताटकी असावी. या रात्रपाळीची नोंद नबाबाच्या दफ्तरी आहे आणि तिचा मेहनताना खजिन्यातून दिला जातो, हे त्याच्या मनातही आले नसते.

संगणकाच्या मालकाची अवस्था पुष्कळदा या वाटसरूसारखी होते. अमीनाबादेतल्या एखाद्या घरात रात्रीचे अकरा वाजलेले असावेत. दुकानाचा हिशेब लिहून झाला आहे, कीबोर्डला कोणाचा हात लागलेला नाही, पडद्यावर काही हालत नाही; आणि पेटीच्या दर्शनी बाजूचा बारीक दिवा मात्र लुकलुकतो आहे, आतून तांदूळ पाखडल्यासारखा खरखर आवाज येतो आहे. मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो चोराचा: कोणी तरी दुरून आपले कागद चाळीत आहे. दुसरा विचार येतो तो बिघाडाचा. तिसरा येतो तो भिंतीवरचे बटण खटकन बंद करण्याचा, आणि तिघांत बहुधा हाच अधिक घातक ठरतो. प्रश्न केवळ दिव्याचा असता तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. परंतु हिशेबाच्या वह्या, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, मुलाचा परीक्षेचा प्रबंध, या सर्वांची एकुलती एक प्रत त्या खरखरणाऱ्या डबीत असते.

लखनौ शहरात हा प्रश्न एके काळी मोठ्या प्रमाणावर घरोघर पोहोचला. ११ मार्च २०१३ रोजी तेथील कॉल्व्हिन तालुकदार्स कॉलेजात त्या वेळचे मुख्यमंत्री अखिलेश यादव यांच्या हस्ते सुमारे दहा हजार विद्यार्थ्यांना सरकारी लॅपटॉप वाटण्यात आले. बारावी उत्तीर्ण झालेल्या सुमारे पंधरा लाख मुलामुलींसाठी आखलेल्या योजनेचा तो आरंभ होता. त्यांतील कितीतरी घरांत आलेला हा पहिलाच संगणक. घरातल्या वडील माणसाला पाण्याच्या पंपाचा आवाज कळतो, शिवणयंत्राचा कळतो, स्कूटर कुठे अडखळते आहे तेही कळते. कारण या यंत्रांचे आवाज एका पिढीने दुसरीला शिकविलेले असतात. हार्ड डिस्कच्या आवाजाला मात्र असे वडीलधारे मिळाले नव्हते. तो ऐकून ‘हे नेहमीचेच आहे’ किंवा ‘हे बरे नव्हे’ असे सांगणारा कोणी घरात नसे.

तेव्हा आवाज येतो कशाचा, येथूनच सुरुवात केली पाहिजे. ग्रामोफोनची तबकडी आणि तिची सुई ज्यांनी पाहिली आहे त्यांना हार्ड डिस्कची रचना चटकन ध्यानात येईल. चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते आणि एका दांडीच्या टोकावरचे हेड तिच्यावरील खुणा वाचते व लिहिते. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, आणि हे हेड टेकले तर अनर्थ होतो. ते तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या एका पातळ थरावर तरंगत असते. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो; यावरून त्या अंतराचा अंदाज करावा. सप्टेंबर १९५६ मध्ये आय. बी. एम. कंपनीने या जातीचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर होते आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे तळहातावर मावणाऱ्या डबीत त्याच्या लाखपट मजकूर राहू लागला. पण तत्त्व तेच राहिले. साध्या लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद.

ही गरगर एकसुरी असते आणि कानाला तिची लवकरच सवय होते. खरखर निघते ती दांडीच्या धावपळीतून. एखादा मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर दांडीला फारसे हलावे लागत नाही आणि डिस्क जवळजवळ मुकाट्याने काम करते. हजारो लहान फायली वाचायच्या असतील तर मात्र दांडीला क्षणात या कडेला, क्षणात त्या कडेला जावे लागते. म्हणून आवाज मोठा असणे हे काम मोठे असल्याचे लक्षण नाही. ते काम विखुरलेले असल्याचे लक्षण आहे. निजलेल्या यंत्रातून जी खरखर येते ती जवळजवळ नेहमी अशा विखुरलेल्या कामाची असते.

आता हे काम मालकाच्या पाठीमागे का चालावे? याचे उत्तर यंत्र रचणाऱ्यांनी पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. जे काम मालकाच्या वेळेत केले तर त्याची अडचण होईल, ते त्याच्या विश्रांतीच्या वेळेत करावे, असा त्यांचा नेम आहे. घरची मोलकरीणही पाहुणे बसलेल्या खोलीत केर काढीत नाही. विंडोजच्या २००७ साली आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून ही चाल फार वाढली. सर्व फायलींतील शब्दांची सूची तयार करणारा एक कार्यक्रम असतो. मालकाने उद्या एखादे नाव शोधले तर ते तत्काळ सापडावे, म्हणून तो आज रात्री सारे कागद वाचून ठेवतो. दुसरा एक कार्यक्रम मालकाच्या सवयींवर नजर ठेवतो आणि त्याला रोज लागणारी साधने आधीच डिस्कवरून उचलून स्मृतीत आणून ठेवतो. तिसरा, तबकडीवर इतस्ततः पडलेले फायलींचे तुकडे गोळा करून एका जागी लावतो. विंडोज ७ मध्ये त्याची ठरलेली वेळ बुधवारी पहाटे एकची होती, आणि त्या वेळी यंत्र बंद असेल तर पुढे सवड सापडताच तो आपले काम उरकून घेई. लिनक्सच्या पुष्कळ आवृत्त्यांतही रोज एकदा सर्व फायलींच्या नावांची यादी नव्याने लिहिली जाते. यांत भर विषाणूशोधकाची. या शोधकांशी मराठी माणसाचे नातेही आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० नंतरच्या दशकात क्विक हील हा विषाणूशोधक तयार केला आणि तो देशभर पसरला. कोणताही विषाणूशोधक घेतला तरी त्याचे काम प्रत्येक फाईल उघडून पाहण्याचे, आणि तेही शक्यतो घर शांत असताना. एकाच यंत्रावर असे दोन शोधक बसविण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. कारण एकाने फाईल उघडली की दुसरा ती तपासावयास धावतो, आणि दोन पहारेकरी रात्रभर एकमेकांच्याच पावलांचा माग काढीत बसतात.

एका कामातून दुसरे काम कसे उठते, याचे याहून सुंदर उदाहरण लखनौच्याच दुसऱ्या एका वास्तूत सापडेल. मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली या शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले; पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. तेथे सारंगी किंवा सतार ऐकणाऱ्याला तरफेच्या तारा ठाऊक असतात. त्यांना कोणी छेडीत नाही. मुख्य तारेवर त्यांचा स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात. संगणकावरही तसेच घडते. मालकाने पत्राची एक ओळ बदलून ते जतन केले आणि तो जेवावयास गेला. त्या एका लेखनाबरोबर विषाणूशोधक जागा होतो, सूचीकार आपली नोंद बदलतो, दूरच्या साठ्यात प्रत पाठविणारा कार्यक्रम ती फाईल पुन्हा वाचतो, आणि हे सर्व घडल्याची टिपणे निरनिराळ्या रोजनिशांत लिहिली जातात. छेडलेली तार एकच, झंकार मात्र कितीतरी वेळ चालू राहतो.

येथवर सारे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या एका गोष्टीमुळे समजूतदार माणसाचाही संशय पक्का होतो ती पुढेच आहे. मालक उठतो, माउसला हात लावतो, काय चालले आहे हे दाखविणारी खिडकी उघडतो. आणि त्याच क्षणी दिवा विझतो, खरखर थांबते. तो पुन्हा पलंगाकडे वळला की थोड्या वेळाने सुरू! चोरावाचून असे कोण वागेल? वास्तविक हीच खूण चोराविरुद्ध जाते. ही सवडीची कामे मालकाची चाहूल लागताच बाजूला व्हावीत, अशीच त्यांची रचना आहे. विंडोज ७ मधील कामे वाटून देणारा कारभारी दर पंधरा मिनिटांनी पाहणी करी. कीबोर्ड व माउस शांत आहेत, प्रक्रियक आणि डिस्क मोकळी आहे असे दिसले की रात्रपाळीला हाक देई, आणि मालक परतला की तिला थांबवी. चोर बहुधा इतका अदबशीर नसतो. मालक बसलेला असो की नसो, आपले काम उरकण्याची त्याला घाई असते.

म्हणून अशा हालचालीचा शोध घ्यावयाचा तर दार उघडून एकदम आत डोकावण्याची रीत उपयोगी पडत नाही. नोंदवही आधी उघडून ठेवावी, मग उठून जावे आणि अर्ध्या तासाने येऊन वाचावी. अशी नोंदवही ठेवणारी साधने आहेत. विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर कोणता कार्यक्रम कोणती फाईल किती वेगाने वाचतो वा लिहितो हे दाखवितो; मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी रचलेला प्रोसेस मॉनिटर तर क्षणाक्षणाची टिपणे ठेवतो. लिनक्सवर आयओटॉप हे साधन तेच काम करते. मात्र चौकशी करणाराही घरातच वावरत असतो हे विसरू नये. प्रोसेस मॉनिटर तासभर चालू राहिला तर त्याची स्वतःचीच टिपणे एवढी साठतात की डिस्कवरच्या गर्दीत त्याचाच वाटा मोठा होऊन बसतो.

या नोंदवहीआधी डोळ्यांनी आणि कानांनीही बरेच कळते. दिवा अगदी घड्याळाच्या काट्यासारखा, दर सेकंदाला एकदा लुकलुकत असेल आणि आवाज मुळीच नसेल, तर जुन्या यंत्रांत त्याचा अर्थ बहुधा असा असे की यंत्र सीडीच्या खणाला ‘तबकडी घातली काय?’ असे पुन:पुन्हा विचारीत आहे. पुष्कळ यंत्रांत दोघांना मिळून दिवा एकच होता. हार्ड डिस्कचा त्यात काही संबंध नसे. उलट दिवा विझलेला आणि खरखर मात्र चालू, असे असेल तर डिस्क स्वतःच आपल्या पृष्ठभागाची तपासणी करीत असण्याचा संभव अधिक. दिवा लागतो तो संगणकाने मागणी केली म्हणून. डिस्कच्या स्वतःच्या घरकामाला तो बहुधा लागत नाही. दिवा अनियमित, कधी झरझर तर कधी सावकाश लुकलुकत असेल, तर वर सांगितलेल्या रात्रपाळीपैकी कोणी तरी कामावर आहे.

नोंदवहीत नाव सापडले म्हणजे शोध संपला, असेही नाही. लिहिणाऱ्याच्या जागी ‘सिस्टिम’ एवढेच नाव दिसले म्हणजे नवशिका गोंधळतो. कार्यक्रमांनी लिहावयास दिलेला मजकूर काही काळ स्मृतीत थांबतो आणि मग एकदम डिस्कवर उतरविला जातो. उतरविणारा तो सिस्टिम. तो टपाल्या आहे, पत्राचा लेखक नव्हे. अशा वेळी माणसाचे नाव सोडून पत्त्याकडे पाहावे, म्हणजे कोणत्या फाईलमध्ये लिहिले जात आहे ते पाहावे. फाईलचा पत्ता पाहिला की लेखक ओळखू येतो. ‘एसव्हीसीहोस्ट’ या नावाचीही तीच गत. विधानसभा मार्गावरच्या सचिवालयातून पत्र आले एवढ्यावरून ते महसूल खात्याचे की शिक्षण खात्याचे हे कळत नाही. एकाच इमारतीत अनेक खाती बसतात. या एका नावाखालीही विंडोजच्या अनेक सेवा बसलेल्या असतात. त्या उघडून पाहिल्या म्हणजे त्यात बहुधा नव्या आवृत्तीचे तुकडे उतरवून घेणारी सेवा निघते.

आणि पत्त्याच्या जागी ‘पेजफाईल’ हे नाव वारंवार येत असेल, तर प्रश्न निराळाच आहे. त्याचा अर्थ स्मृती तोकडी पडते आहे. स्मृतीत जागा उरली नाही म्हणजे यंत्र तिच्यातील काही सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. स्मृतीतून एखादी गोष्ट काढावयास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा वेळ पुरतो. फिरत्या डिस्कवरून तीच काढावयास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे लाखपट उशीर. स्वस्त लॅपटॉपमध्ये दोन गिगाबाइट स्मृती असे त्या दिवसांत ब्राउझरची पाच-सात पाने उघडी टाकून कोणी झोपावयास गेला, तर रात्रभर सामानाची अशी ने-आण चाले. येथे कोणताही कार्यक्रम दोषी नसतो. पाने मिटावीत, नाही तर स्मृती वाढवावी. फॉरमॅट करून काही साधत नाही.

तरीही चोर कधीच नसतो असे मात्र कोणी समजू नये. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी याच रुसिनोविच यांनी स्वतःच्या संगणकावर जे सापडले ते जाहीर केले, आणि त्याने जगभर खळबळ उडाली. आपल्या यंत्रात काही फायली दडविलेल्या आहेत असे त्यांना आढळले. माग काढता काढता ते एका कार्यक्रमापर्यंत पोहोचले. तो कार्यक्रम विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाईल मालकाच्या नजरेआड ठेवीत होता. त्यांच्या जोडीला एक सेवा होती. ती दर दोन सेकंदांनी चालू कार्यक्रमांच्या फायलींची झडती घेई, आणि प्रत्येक झडतीत त्याच फायलींची माहिती आठ आठ वेळा विचारी. गाण्याची सीडी खणात असो वा नसो, ही झडती चालूच. हे सारे कोणा भामट्याचे नव्हते. सोनी बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीने नक्कल रोखण्यासाठी आपल्या संगीताच्या सीडीबरोबर ते ग्राहकांच्या यंत्रांत उतरविले होते. पैसे मोजून गाणी विकत घेणाऱ्या माणसाच्या घरात न विचारता पहारेकरी नेमावा आणि वर त्याला अदृश्य करावे, ही रीत कोणत्याही सभ्य व्यवहारात बसणारी नाही. त्याच नोव्हेंबरात कंपनीला त्या सीडी बाजारातून परत बोलवाव्या लागल्या.

रात्रपाळी आणि दरोडा यांतला भेद या प्रकरणात स्पष्ट दिसतो. हालचाल दोन्हींकडे असते. पहिली आपले नाव आणि ठिकाण विचारले असता सांगते, आणि मालकाने थांब म्हटले असता थांबते. दुसरी नाव लपविते, आणि काढू गेले तर यंत्रालाच इजा करते. त्या सोनीच्या पहारेकऱ्याला कोणी घाईने उपटून काढले तर सीडीचा खणच दिसेनासा होई. नोंदवहीत एखादे अनोळखी नाव सापडले, त्याची फाईल भलत्याच ठिकाणी पडलेली असली, तिच्यावर कोणा कंपनीची स्वाक्षरी नसली, आणि डिस्कच्या हालचालीबरोबर इंटरनेटवरही काही तरी सतत बाहेर जात असले, तर संशय घेण्यास जागा आहे. आणि फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलत चालली असतील, जशी मे २०१७ मध्ये वॉनाक्रायच्या वेळी जगभरच्या लाखो यंत्रांवर बदलली, तर चौकशी करीत बसू नये. प्रथम इंटरनेटची तार काढावी किंवा वायफाय बंद करावे, आणि यंत्र थांबवावे. बटण खटकन बंद करणे शहाणपणाचे ठरते ते अशाच अपवादात.

एरवी ते का करू नये, याचे कारण लखनौकरांना वेगळे सांगावयास नको. वीज जाणे म्हणजे काय हे त्या शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. लेखन अर्धवट असता वीज गेली तर आधुनिक फाईल-व्यवस्था आपली रोजनिशी पाहून घराचा सांगाडा सावरून घेते. परंतु त्या क्षणी लिहिली जात असलेली फाईल पूर्ण उतरली असेलच, अशी हमी ती देत नाही. तेव्हा ज्या घरी दिवसातून दोनदा वीज जाते त्या घरच्या मेजावरच्या संगणकाला यूपीएस ही चैन नव्हे.

आता राहिला तो दुसरा संशय, बिघाडाचा. आणि येथे कान फार उपयोगी पडतात. रात्रपाळीची खरखर मऊ आणि अनियमित असते. मरणाऱ्या डिस्कचा आवाज निराळा. टक्, मग थोडा विराम, पुन्हा तसाच टक्; दांडी आपली जागा शोधू पाहते, तिला ती सापडत नाही, आणि ती मागे येऊन पुन्हा निघते. किंवा आवाज फारसा नसतो, पण दिवा लुकलुकणे सोडून एकसारखा पेटून राहतो आणि सारे यंत्र गोठते. तबकडीवरची एखादी जागा वाचता येत नाही म्हणून डिस्क तीच जागा पुन:पुन्हा वाचू पाहत असते.

टकटकीचा एक प्रकार मात्र बिघाडाचा नसून सवयीचा असतो. वीज वाचावी म्हणून काही डिस्क आठ-दहा सेकंद काम मिळाले नाही की हेड उचलून बाजूच्या उतरणीवर ठेवतात, आणि मागणी आली की पुन्हा तबकडीवर आणतात. एखाद्या क्षुल्लक कार्यक्रमाला दर अर्ध्या मिनिटाने एक ओळ लिहिण्याची खोड असली, तर हेड दिवसातून २८८० वेळा चढते आणि उतरते. पुष्कळ डिस्क अशा तीन लाख चढउतारांच्या हिशेबाने बांधलेल्या असत. सतत चालू असलेल्या यंत्रावर हा सगळा साठा साडेतीन महिन्यांत सरेल. डिस्कही चांगली, कार्यक्रमही निर्दोष. पण एकाची झोप आणि दुसऱ्याचे जागणे यांचा मेळ बसला नाही म्हणून यंत्र झिजते. लिनक्सच्या लॅपटॉपांवर २००७ च्या सुमारास या प्रकाराची पुष्कळ चर्चा झाली. अशा वेळी त्या कार्यक्रमाची टिपणे थांबवावीत किंवा डिस्कची विश्रांतीची मुदत वाढवावी.

डिस्क स्वतःही आपल्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. तिला स्मार्ट असे नाव आहे. खराब म्हणून सोडून दिलेल्या जागा किती आणि वाचता न आल्यामुळे निकालासाठी थांबलेल्या किती, हे तीत पाहावयास मिळते. गूगल कंपनीच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी करून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यापासून साठ दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या एकोणचाळीसपट असतो, असे त्यांना दिसले. मात्र त्याच पाहणीत हेही दिसले, की निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखविली नव्हती. नाडी चांगली लागते एवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही. मे-जूनमध्ये लखनौचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो तेव्हा प्रत्येक बिघाडाचे खापर उन्हाळ्यावर फोडण्याची सवय आहे. उष्णतेचा परिणाम या पाहणीत अपेक्षेहून पुष्कळ कमी आढळला, आणि जो काही दिसला तो मुख्यतः फार तापलेल्या व जुन्या डिस्कमध्ये.

वाईट खूण दिसल्यावर करावयाचे काम एकच, आणि तेच पुष्कळ लोक शेवटी करतात. प्रथम दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी, तीही ज्याच्यावाचून चालणार नाही त्या फायलींपासून. तुकडे जुळविणारा किंवा डिस्कची दुरुस्ती करणारा कार्यक्रम आधी लावला तर तो प्रत्येक जागा वाचावयास जातो, आणि जिचा श्वास लागला आहे तिला इमामबाड्याच्या पायऱ्या चढावयास लावल्यासारखे होते.

नव्या यंत्रांतून फिरती तबकडी गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. घन स्मृतीची डिस्क मुकी असते. पुष्कळ लॅपटॉपांवर आता दिवाही उरलेला नाही. बेन-गुरिऑन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले होते की हा दिवा मुद्दाम लुकलुकवून सेकंदाला चार हजार खुणांपर्यंत गुपिते खिडकीबाहेरच्या कॅमेऱ्याला सांगता येतात; तेव्हा तो गेल्याचे दुःख सर्वांनाच वाटेल असे नाही. रात्रपाळी मात्र गेलेली नाही. सूची होते, नव्या आवृत्त्या उतरतात, विषाणूंचा शोध चालतो, शिवाय ही डिस्क टाकाऊ जागा झाडून पुन्हा वापरण्याजोगी करण्याचे काम स्वतःच करीत असते. ते कळण्यास आता नोंदवहीच तेवढी राहिली.

लखनौत यंत्र बिघडले की ते घेऊन लोक लालबागेतल्या नाझा मार्केटमध्ये जातात. तेथील कारागिरांचे हात कुशल आहेत. परंतु दुकानात गर्दी असते आणि गिऱ्हाइकाने ‘आपोआप काही तरी चालते’ एवढेच सांगितले तर फॉरमॅट हा सर्वांत जवळचा रस्ता ठरतो. कोणत्याही शहरातला कारागीर याहून फार वेगळे करणार नाही. त्याऐवजी गिऱ्हाइकाने कागदाच्या चिटोऱ्यावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: हालचाल किती वाजता सुरू होते, हात लावताच थांबते की नाही, आवाज मऊ आहे की टकटकीचा, आणि नोंदवहीत कोणत्या कार्यक्रमाचे व कोणत्या फाईलचे नाव वारंवार आले. चिटोऱ्यावर ‘बुधवार, पहाटे एक, माउस हलविताच बंद’ असे लिहिलेले असेल, तर कारागिराला पेटी उघडावीदेखील लागणार नाही.